अप्पांची सही, वहिनीची सुई

टिटवाळ्याला तेव्हा गाडी चुकली की पुढची येईपर्यंत बाकावर बसून राहायचं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कल्याण, शहाड, आंबिवली आणि मग आमचं स्टेशन. पुढे खडवली, वासिंद करत गाडी कसाऱ्याकडे निघून जाई. बाहेर टांगे उभे असत. अंगारकीचा दिवस सोडला, तर सवाऱ्या भरेपर्यंत टांगेवाला लगामाला हात लावत नसे. लग्नानंतर मी डोंबिवलीला आले, पण माहेर म्हटलं की मला आधी आठवतो तो हा ऐसपैस वेळ, आणि ओटीवर बसलेले आमचे आजोबा, अप्पा.

अप्पा रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. पुठ्ठ्याचं तिकीट तारीख मारायच्या यंत्रात सरकवायचं, ठक्क आवाज आला की त्याच हाताने तिकीट आणि सुटे पैसे खिडकीतून पुढे करायचे, आणि नजर तोवर रांगेतल्या पुढच्या माणसावर. त्यांच्या बोटांच्या चपळाईबद्दल बाबा कौतुकाने सांगायचे. मी पाहिले ते अप्पा निवृत्तीनंतरचे. उजवा हात मांडीवर टेकला की त्यांचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहायची. देवळाकडे जाणारे लोक ओटीकडे बघून हात जोडत. त्यांना वाटे, अप्पा जप करताहेत.

मग सही बिघडली. अक्षर पहिल्यापासून टपोरं, रजिस्टरात शोभेल असं. ते ओळीच्या शेवटाकडे जाताना बारीक बारीक होत मुंगीएवढं व्हायला लागलं. एक वर्ष असं आलं की पेन्शनच्या कागदावरची सही जुन्या सहीशी जुळेना. समोरच्या माणसाने शाईचं पॅड पुढे सरकवलं आणि अप्पांनी अंगठा उठवला. ज्या माणसाने पै-पैचा हिशेब ठेवत नोकरी केली, त्याचा अंगठा. घरी आल्यावर त्यांनी तो साबणाने कितीतरी वेळ धुतला, असं आजी सांगायची.

आमच्या गावात याला कंपवात म्हणत, कुणी नुसतंच ‘वात’ म्हणत, आणि बहुतेक जण म्हातारपण म्हणून सोडून देत. त्याआधीही काही वर्षं अप्पांना वास येत नव्हता. आजी देवापुढे केवडा ठेवायची, मागे परसात भाताला फोडणी पडायची, त्यांना काही कळायचं नाही. रात्री झोपेत ते हातपाय झाडत, ओरडत. या दोन्ही गोष्टी हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होऊ शकतात, म्हणून त्यांच्याबद्दल आज कुठलाही मेंदूविकारतज्ज्ञ पहिल्याच भेटीत विचारून घेतो. तेव्हा त्या आमच्या घरातल्या तक्रारी होत्या, लक्षणं नव्हती. चेहऱ्याचंही तसंच. चेहऱ्याचे स्नायू आखडले की हसू उमटत नाही, पापणी कमी लवते. आम्हा मुलांना वाटायचं, अप्पा सतत रागावलेले असतात. आम्ही त्यांच्यासमोरून पाय न वाजवता जायचो. आत ते रागावलेले नव्हते, हे आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं. अप्पांच्या दुखण्यातली ही गोष्ट मला आजही सगळ्यात जास्त लागते.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८१७ साली या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं. त्याने सहा जणांची हकिगत लिहिली होती, आणि त्यांतले काही तर त्याने नुसते रस्त्यावर जाता-येता पाहिलेले होते. ते वाचलं तेव्हा मला वाटलं, अप्पांना तर सगळं टिटवाळा रोज येता-जाता पाहत होतं.

उपाय दोन दिशांनी झाले. गावच्या वैद्यांनी कवचबीज दिलं. कवच म्हणजे आमची खाजकुहिली. पावसाळ्यानंतर काळू नदीकडच्या कुंपणांवर तिच्या लवदार शेंगा लोंबायच्या. शाळेत कुणाच्या सदऱ्यात ती टाकली की त्या मुलाचा दिवस संपला. आजी त्याच शेंगांतल्या बिया दुधात उकळायची, सालं काढायची, वाळवून कुटायची आणि ते चूर्ण अप्पांना द्यायची. आम्हाला ती शिक्षा वाटायची. खाजकुहिलीच्या बियांमध्ये लेव्होडोपा हे द्रव्य असतं, हे दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ सालीच दाखवलं होतं. प्रमाण साधारण चार-पाच टक्के. मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कवचबीज पार्किन्सनच्या रुग्णांना देऊन पाहिलं आणि त्याचे निष्कर्ष १९७८ साली छापले. आजी चुलीवर जे उकळत होती, त्यात खरं औषध होतं. फक्त कुठल्या बीत किती, हे ना तिला ठाऊक होतं ना गावच्या वैद्यांना. म्हणून आज कुणी मला विचारलं तर मी सांगते, लेव्होडोपाच्या गोळ्या चालू असताना हे चूर्ण डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. एकच द्रव्य दोन वाटांनी पोटात जातं.

दुसरी दिशा रेल्वेची. आधी कल्याणचा रेल्वे दवाखाना, मग भायखळ्याचं रेल्वेचं रुग्णालय. पहिल्यांदा पॅसिटेनच्या गोळ्या मिळाल्या. थरथर थोडी कमी झाली, तोंडाला कोरड पडली, आणि अप्पांना संध्याकाळी अंगणात नसलेली माणसं दिसू लागली. पुढे लेव्होडोपाच्या गोळ्या आल्या. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी या आजारात मरत जातात. लक्षणं दिसेपर्यंत त्यांतल्या निम्म्याहून अधिक गेलेल्या असतात. डोपामिन थेट देऊन उपयोग नाही, ते मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरतं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन बनतं. अमेरिकेत जॉर्ज कोट्झियस यांनी १९६७ साली ते हळूहळू वाढवत मोठ्या मात्रेत दिलं, तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालू लागली. आमच्या घरातही तो चमत्कार झाला. अप्पा एका सकाळी स्वतः उठून विहिरीवर गेले, तेव्हा आजीने देवाला साखर ठेवली.

ती गोळी ते पेलाभर दुधाबरोबर घ्यायचे. औषध म्हणजे कडक, पोटात दूध हवंच, असा घरातला नियम. प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच वाटेने शोषली जातात, त्यामुळे दुधाबरोबर घेतलेल्या गोळीची ताकद कमी होते, हे तेव्हा आमच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. चार-पाच वर्षं बरी गेली. मग गोळीचा असर लवकर ओसरू लागला, आणि असर असतानाही अंग आपोआप वळवळायला लागलं, मान, खांदे, एक पाय. लोक म्हणाले, आता हे नवीन काय. ते आजाराचं आणि औषधाचं मिळून झालेलं होतं.

शस्त्रक्रियेचा विषय एकदाच निघाला. बाबांच्या मद्रासला बदली झालेल्या एका मित्राने सांगितलं, तिकडे डोक्याला छोटं भोक पाडून मेंदूतला एक बिंदू नष्ट करतात आणि थरथर थांबते. ते खरंच होतं. मद्रासला डॉ. बी. राममूर्ती आणि डॉ. व्ही. बालसुब्रह्मण्यम, बंगळूरला डॉ. राजा मार्तंड वर्मा ही कामं कितीतरी आधीपासून करत होते. पण जाळलेला भाग परत येत नाही. चुकला तर चुकलाच, आणि दोन्ही बाजूंना केलं तर वाचा जाण्याची भीती. आजी म्हणाली, “डोक्याला हात लावायचा नाही.” विषय संपला. लेव्होडोपा आल्यावर जगभरातच अशा शस्त्रक्रिया मागे पडल्या होत्या.

अप्पांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र अशी होती की तिचा अर्थ मला फार उशिरा कळला. ते उंबऱ्याशी थबकत. पाय जमिनीला चिकटल्यासारखे, शरीर पुढे, पावलं मागे. आजी ओढायची, बाबा ढकलायचे, काही होत नसे. पण आषाढीला गावातून दिंडी निघाली आणि टाळांचा ठेका दारावरून जायला लागला की अप्पा उठत, उंबरा ओलांडत आणि ठेक्यावर वेशीपर्यंत चालत जात. लोक म्हणत, पांडुरंगाची कृपा. आज फिजिओथेरपीत मेट्रोनोमच्या टिकटिकीवर पावलं टाकायला शिकवतात, जमिनीवर पट्ट्या आखून त्या ओलांडायला लावतात. आपोआप चालण्याची मेंदूतली सोय बिघडली, तरी बाहेरचा ताल पकडून चालता येतं. पुण्यात हृषीकेश पवार यांनी पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले, ते याच वाटेने. मला पांडुरंगाची कृपाही नाकारायची नाही. पण दिंडी वर्षातून एकदाच यायची, आणि रोज दहा मिनिटं टाळ वाजवायला आमच्यापैकी कुणीही आनंदाने बसलं असतं.

अप्पा १९८३ साली गेले. शेवटची दोन वर्षं अंथरुणात. आजी भाताची पेज चमच्याने भरवायची, गिळायला वेळ लागायचा, ठसका लागायचा. जुने दिवस चांगले होते असं म्हणताना ही दोन वर्षं मी विसरू शकत नाही.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९८७ साली, फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथे आलीम-लुई बेनाबिद नावाचे सर्जन अशीच एक जाळण्याची शस्त्रक्रिया करत होते. जागा बरोबर आहे का हे बघायला जाळण्याआधी तिथे सुईतून सौम्य विजेचा प्रवाह देत. त्या दिवशी त्यांनी प्रवाहाची गती वाढवली, सेकंदाला शंभरच्या आसपास ठोके, आणि रुग्णाचा हात थांबला. प्रवाह बंद केला, थरथर परत. म्हणजे जाळायची गरजच नाही. तार आत ठेवून द्यायची आणि वीज देत राहायची. डीप ब्रेन स्टिम्युलेशनचं आजचं युग तिथून सुरू झालं. तिकडे अमेरिकेत मॅलन डीलाँग यांच्या प्रयोगशाळेने १९९० साली माकडांवर दाखवलं की सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाची मेंदूतली जेमतेम एक सेंटिमीटरची गाठ या आजारात नको इतकी चेकाळलेली असते आणि तिला शांत केलं की हालचाल सुटते. बेनाबिद यांनी १९९३ पासून तिथेच तार बसवायला सुरुवात केली. या दोघांना २०१४ चा लास्कर पुरस्कार मिळाला. मुंबईत जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी या शस्त्रक्रिया सुरू केल्या. म्हणजे टिटवाळ्याहून लोकलने जाता येईल इतक्या अंतरावर हे आलं होतं. आमच्या घराला त्याची गरज पडायला आणखी काही वर्षं जायची होती.

माझी वहिनी शिवणकाम करते. लग्न होऊन आली तेव्हा आईच्या जुन्या मशिनवर पोलकी शिवायची. पुढे स्टेशनच्या गल्लीत छोटा गाळा घेतला. ब्लाऊज, फॉल-बिडिंग, पिको. तिची हातशिलाई बघत राहावी अशी, काज तर मशिनने केल्यासारखं सरळ. पन्नाशीला आली तेव्हा उजवा खांदा दुखायला लागला. खांदा आखडलाय म्हणून शेकणं झालं, मालिश झालं, व्यायाम झाले. मग सुई ओवायला वेळ लागू लागला. थरथर नव्हतीच, नुसता हात मंद. म्हणून घरात कुणाला अप्पांची आठवण झाली नाही. आणि होण्याचं तसं कारणही नव्हतं: ती लग्नाने या घरात आलेली, आणि हा आजार बहुतेकांच्या बाबतीत रक्तातून आलेला नसतोच. मुंबईच्या न्यूरॉलॉजिस्टनी तिला बोटं आपटायला लावली, खोलीत चालवलं, तिचा उजवा हात चालताना हलत नाही हे दाखवलं आणि पहिल्या भेटीतच निदान केलं. ते २०१३ साल.

तिला नाव मिळालं, पुस्तिका मिळाली, व्यायामाचा कागद मिळाला. मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसॉर्डर सोसायटी २००१ पासून काम करते, पुण्यात पार्किन्सन मित्रमंडळ आहे. तिथे रुग्ण आणि त्यांची माणसं एकत्र बसतात, बोलतात. अप्पांना आयुष्यात दुसरा असा आजारी माणूस कधी भेटला नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीतही पार्किन्सन आहे. आणि चेहऱ्याबद्दल डॉक्टरांनी माझ्या भाच्यांना समोर बसवून सांगितलं: आई हसत नाही असं वाटलं, तरी ती आतून हसत असते, विचारून बघा. ते ऐकताना मला ओटीवरून पाय न वाजवता जाणारी आम्ही मुलं आठवली.

सहा-सात वर्षं गोळ्यांवर छान गेली. मग तीच जुनी वाट. सिंडोपा, म्हणजे तीच लेव्होडोपाची गोळी, घेतल्यावर पाऊण तासाने हात सुटायचा, दोन-अडीच तासांनी पुन्हा जड. ती एक वही ठेवू लागली: गोळी किती वाजता, हात कधी चालू झाला, कधी बंद, अंग कधी वळवळलं. शिंप्याच्या मापाच्या वहीसारखीच रेघा मारलेली. ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ हे शब्द आमच्या घरात तेव्हा आले. ती म्हणायची, “ताई, दिवसातले पाच तास माझे, बाकीचे याचे.” टाळेबंदीत सामान्यांसाठी लोकल बंद झाली, तेव्हा त्या पाचातले आणखी गेले, गोळ्यांचा मेळ बसवायला डॉक्टरांपर्यंत जाताच येईना, फोनवर जेवढं होईल तेवढं.

शस्त्रक्रियेआधी तिला एक चाचणी द्यावी लागली. आदल्या रात्रीपासून गोळी बंद. सकाळी तिला उचलून नेलं, गुण मोजले. मग गोळीचा मोठा डोस दिला आणि पुन्हा गुण मोजले. फरक मोठा हवा. गोळीने जे सुधारतं, साधारण तेच यंत्राने सुधारतं. थरथर तेवढी अपवाद. तोल, आवाज, स्मरण या गोष्टी गोळीने सुधारत नसतील तर यंत्रही त्या सुधारणार नाही. हे डॉक्टरांनी तिला तीन वेळा तरी सांगितलं, आणि ते मला फार बरं वाटलं. आशा विकणारे बाहेर पुष्कळ आहेत.

२०२२ साली मुंबईत शस्त्रक्रिया झाली. डोक्याला धातूची चौकट चार स्क्रूंनी बसवतात, एमआरआय आणि सीटी स्कॅन एकमेकांवर ठेवून मिलिमीटरच्या हिशेबाने वाट आखतात. ती जागी होती. मेंदूला स्वतःला वेदना नसते. टाळूला भूल दिली की पुरतं. बारीक तार आत उतरत गेली तसा खोलीत खरखर आवाज येत होता, तिच्याच पेशींच्या विजेचा, आणि त्या आवाजावरून डॉक्टर ओळखत होते की आपण कुठे आहोत. तिला वार म्हणायला लावले, बोटं उघडझाप करायला लावली. एका क्षणी मनगटातला ताठरपणा सुटला. तिला वाटलं, कुणीतरी हाताला बांधलेलं ओझं सोडलं. आता काही ठिकाणी रुग्णाला पूर्ण झोपवून, स्कॅनच्या भरवशावरही हे करतात. नंतर कानामागून, मानेतून त्वचेखाली तार उतरवून गळपट्टीच्या हाडाखाली बॅटरी बसवली. मेंदूत रक्तस्राव होण्याचा थोडा धोका असतो, जंतुसंसर्गाचाही. दादा त्या रात्री झोपला नाही.

बॅटरी चालू करायला नंतर बोलावलं. सेकंदाला १३० ठोके, प्रत्येक ठोका सेकंदाच्या काही लाखांश भागाइतका, आणि विजेची ताकद थोडी थोडी वाढवत नेलेली. जुन्या तारेला चार गोल कड्या असत, वीज चहूकडे सारखी पसरे. गेल्या दहा वर्षांत आलेल्या तारांच्या कड्या तुकड्यांत विभागलेल्या आहेत, त्यामुळे वीज हव्या त्या बाजूला वळवता येते. वहिनीच्या बाबतीत ते कामी आलं. पहिल्या सेटिंगने हात सुटला पण जीभ जड झाली. वीज शेजारच्या तंतूंकडे जात होती. ती दुसऱ्या बाजूला वळवल्यावर बोलणं बरंचसं परत आलं. बरंचसं म्हणते, पूर्ण नाही. फोनवर तिचा आवाज अजून खालचा येतो. ते सेटिंग बसायला बऱ्याच फेऱ्या झाल्या, आणि गोळ्या जवळजवळ निम्म्यावर आल्या.

आता तिच्या वहीत ‘ऑफ’च्या रेघा थोड्या असतात. आजार थांबलेला नाही, हे तिला ठाऊक आहे. पण सकाळी सहाला उठून रात्री नऊपर्यंत हात तिचा असतो.

तिची बॅटरी चार्ज करायची आहे. सुरुवातीच्या काळातल्या बॅटऱ्या चार-पाच वर्षांत संपत, मग पुन्हा छाती उघडायची. ही पंधरा वर्षं तरी चालावी अशी बनवलेली आहे. आठवड्यातून एकदा ती खांद्यावर चार्जरचा पट्टा टाकून मालिका बघत बसते. पावसाळ्यात टिटवाळ्याला लाइट जाते, पण एका दिवसाने काही बिघडत नाही. शिंपिणीच्या कामात चुंबकाचा डबा असतोच, सांडलेल्या टाचण्या गोळा करायला. तो तिने गाळ्यातून काढून टाकला. पर्समध्ये यंत्राचं कार्ड असतं, आणि धातुशोधक कमान असली की ती बाजूने जाऊ द्या म्हणते. एक गोष्ट मी सगळ्यांना मुद्दाम सांगते: असं यंत्र बसवलेल्या माणसाला शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक कधीही द्यायचा नाही. त्या लहरींनी तार आत तापते, मेंदूला इजा होते, जीवही जाऊ शकतो. जिच्या दुखण्याची सुरुवातच खांदा शेकण्यापासून झाली, तिच्याबाबत हे विसरून चालणार नाही.

आणि हे तंत्र पुढे चाललंच आहे. २०२० पासून अशी यंत्रं आली की ती वीज देतात आणि मेंदूच्या लहरी ऐकूनही ठेवतात. आखडलेल्या अवस्थेत सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये बीटा लहरींचा जोर वाढतो. यंत्र तो टिपतं. २०२५ साली युरोपात आणि अमेरिकेत त्याच्या पुढच्या पायरीला मान्यता मिळाली: लहरींचा जोर वाढला की यंत्र स्वतःच वीज वाढवतं, ओसरला की कमी करतं. डॉक्टरांनी इंटरनेटवरून दूर बसून सेटिंग बदलायची सोयही काही यंत्रांत आहे. टिटवाळ्यासारख्या ठिकाणाला मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. मुंबईची एक फेरी म्हणजे दादाचा आणि तिचा पूर्ण दिवस, आणि गर्दीच्या वेळी दिव्यांगांच्या डब्यातसुद्धा पाय ठेवायला जागा नसते.

खर्चाबद्दल बोलायलाच हवं. सगळं मिळून लाखांत, दहा-पंधराच्या घरात, कधी त्याहून जास्त. भाच्याच्या कंपनीचा आई-वडिलांसाठीचा विमा होता, दादाच्या निवृत्तीचे पैसे होते, म्हणून झालं. मांड्याच्या बाजूला कातकरी वाडीवर हाच आजार झालेला माणूस आजही अप्पांच्याच काळात जगतो, किंबहुना त्याहून मागे, कारण त्याच्याकडे ना रेल्वेचा दवाखाना ना ओटी. जो तज्ज्ञ आज दक्षिण मुंबईत भेटतो, तो आठवड्यातून एक दिवस कल्याणच्या सरकारी दवाखान्यात का बसू नये, याचं मला पटेल असं उत्तर कुणी दिलेलं नाही. यंत्र सगळ्यांना लागत नाही. वेळेवर निदान आणि वेळेवर गोळी सगळ्यांना लागते, आणि ती स्वस्त आहे.

गावही तेव्हाचं राहिलेलं नाही. ओटीच्या जागी सात मजली इमारत आहे, दादा-वहिनी तिसऱ्या मजल्यावर. टांगे गेले, रिक्षा आल्या, तिकीट मोबाइलवर निघतं. अप्पांना चढायला वेळ लागायचा तेव्हा टांगेवाला खाली उतरून घोड्याच्या तोंडाला हात लावून उभा राहायचा, एक शब्द न बोलता. वहिनीचे पाय अजूनही कधीतरी अडतात, लिफ्टच्या दाराशी किंवा तिकीट खिडकीपाशी, आणि मागची माणसं “चला ना मावशी” म्हणतात. ती मनातल्या मनात ‘ज्ञानोबा-तुकाराम’चा ठेका धरते आणि पाऊल टाकते. मी तिला दिंडीची गोष्ट सांगितल्यापासून.

शस्त्रक्रियेनंतर गाळ्यावर ब्लाऊजच्या मापाबरोबर लोक चौकशीलाही येऊ लागले. आंबिवलीहून एक काका आले, त्यांच्या बायकोला यंत्र बसवता येईल का विचारायला. त्या सुरुवातीपासूनच पडत होत्या, डोळे वर-खाली वळत नव्हते, गोळीने काडीचा फरक नव्हता. वहिनी म्हणाली, मला ठरवता येणार नाही, पण आधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, कारण पार्किन्सनसारखे दिसणारे दुसरे आजार असतात आणि त्यांत याचा उपयोग होत नाही. तसंच निघालं. काका पुन्हा आले ते रिकाम्या हाताने, पण भलत्या शस्त्रक्रियेपासून वाचून. खडवलीची एक शिक्षिका येते, जेमतेम पंचेचाळीस वर्षांची. फळ्यावर लिहिताना अक्षर बारीक होतं म्हणून शाळेत कुणाला कळू नये, ही तिची धास्ती. वहिनीने तिला आपली जुनी वही दाखवली, रेघा कशा मारायच्या ते शिकवलं, गोळी दुधाबरोबर घ्यायची नाही हे सांगितलं. येत्या गुरुवारी दुपारी गाळा बंद असेल, तेव्हा ती आठवड्याची नोंद घेऊन यायची आहे.